टेट्रिसची चाल निवांत सिंथवर: कामाच्या नोंदी

१ जून २०२५

गेमबॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या गेमवरच्या टेट्रिसचं ते सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं म्युझिक, मेनूमधलं ए टाईप, त्याचं रात्री हेडफोन लावून ऐकता येईल असं निवांत सिंथ (सिंथेसायझर) व्हर्जन करायला घेतलंय. कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून नोंदी ठेवतोय. थिअरी फारशी नाही लिहिणार, काय फसलं आणि कसं निस्तरलं तेवढंच.

हीच चाल का, तर गेममध्ये तीन ऑप्शन होते. सी टाईप म्हणजे बाखच्या फ्रेंच सूट नंबर ३ मधला मिन्युएट, तो आधीच निवांत आहे, त्यात मी अजून काय करणार. बी टाईप गेमसाठीच बनवलेली. ए टाईप मात्र मुळात रशियन लोकगीत आहे, कोरोबेनिकी, निकोलाय नेक्रासोवच्या १८६१ च्या कवितेवरून आलेलं, माल घेऊन गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्यांचं. १९८९ मध्ये गेमबॉयसाठी हिरोकाझू तानाकाने ते बसवलं. लोकगीत कोणाच्या मालकीचं नाही पण गेममधली मांडणी गेमवाल्यांची, आणि मी त्या मांडणीला धरूनच चाललोय, त्यामुळे हे विकायचं नाही, मित्रमंडळीत फुकट ऐकवायचं. गेमचा आवाज उचलून सॅम्पल म्हणूनही वापरायचा नाही, सगळं स्वतः वाजवायचं.

सामान: जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, बॅटरी मेलेली त्यामुळे चार्जर निघाला की खेळ खल्लास. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर (६० दिवस ट्रायल, नंतर घरगुती वापराचं लायसन ६० डॉलर). सर्ज एक्सटी नावाचा सिंथ, फुकट आणि ओपन सोर्स. रिव्हर्बला, म्हणजे आवाज घुमवायला, वल्हाला सुपरमॅसिव्ह, तोही फुकट. २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड डोंबिवलीतच एकाकडून सेकंडहँड २८०० ला घेतला, दोन पट्ट्या जोरात दाबल्याशिवाय लागत नाहीत हे घरी आल्यावर कळलं. चालतंय.

२ जून

नेटवरून एक मिडी फाईल (कुठला सूर कधी वाजवायचा त्याची नोंद) उतरवली, म्हटलं सूर टाईप करायचा त्रास वाचेल. वाचला नाही. दुसऱ्या भागात जिथे जी शार्प पाहिजे तिथे साधा जी होता, बेस एका ठिकाणी अर्धी मात्रा पुढे सरकलेला, आणि सगळ्या नोट एकाच जोराच्या. दुरुस्त करत बसण्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि शेवटी फाईल डिलीट करून कानाने बसवली, त्याला तासभरसुद्धा लागला नाही. तुम्ही करत असाल तर डायरेक्ट कानानेच करा, चाल सोपी आहे. ए मायनरमध्ये धरली तर पहिली ओळ ई, बी सी डी, सी बी, ए. दुसरी ओळ डी, एफ, वरचा ए, जी एफ ई अशी वर जाऊन उतरते. आणि मग तो दुसरा भाग, जिथे सगळे सूर दोन दोन मात्रांचे होतात, ई सी डी बी सी ए जी शार्प बी. हा भाग लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं उभं राहणार आहे.

गेमबॉयमध्ये फक्त चार चॅनल: दोन पल्स, एक वेव्ह आणि एक नॉईज. वेव्ह चॅनलला ३२ सॅम्पल, तेही ४ बिटचे. एवढ्यात त्या माणसाने चाल, जोडीचा सूर, बेस आणि ठेका असं सगळं भागवलंय. माझ्याकडे ट्रॅकची लिमिट नाही, आणि पुढे त्रास नेमका त्याचाच होणार आहे.

४ जून

पहिलं व्हर्जन. मूळ टेम्पो साधारण १५०, मी सरळ अर्धा करून ७५ ठेवला. लीडला (मुख्य चाल वाजवणारा आवाज) पल्स वेव्ह, खाली पॅड (लांब, मऊ कॉर्डचा आवाज), भरपूर रिव्हर्ब, वर जुन्या विनाइल रेकॉर्डची करकर. पहिल्यांदा ऐकताना भारी वाटलं. रात्री धाकट्या भावाला पाठवलं, तो गेमिंगवाला आहे, त्याचा रिप्लाय जसाच्या तसा: "स्लो केलायस फक्त. यूट्यूबवर स्पीड ०.५ टाकून हेच मिळतं मला."

राग आला पण बरोबर बोलला. नीट ऐकलं तर बेस अजून मूळसारखाच खालचा सूर वरचा सूर, खालचा वरचा असा उड्या मारतोय. १५० ला त्यात नाचायचा जोर असतो, ७५ ला त्याच उड्या धापा टाकत चालल्यासारख्या येतात. आणि पहिल्या भागात अर्ध्या मात्रेचे इतके सूर आहेत की टेम्पो कितीही उतरवला तरी चाल आपली चालूच असते, कुठे थांबतच नाही.

बेसच्या उड्या काढून टाकल्या, एका बारला (चार मात्रांना) एक लांब सूर. यानेच निम्मा फरक पडला. खर्च शून्य.

७ जून

आजचा दिवस लीडच्या आवाजात गेला. सेटिंग लिहून ठेवतो कारण हेच शोधायला वेळ लागतो.

सर्जमध्ये क्लासिक ऑसिलेटर, पल्स, विड्थ २५ टक्क्यांच्या आसपास म्हणजे गेमबॉयची ओळख राहते. त्याच्यावर लो पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा), पहिल्यांदा ८०० हर्ट्झला लावला तर रजईखालून वाजल्यासारखं झालं, वर नेत नेत १८०० ला थांबलो. ड्रिफ्ट थोडा वाढवला की सूर किंचित हलतो, जुन्या ॲनालॉग सिंथचा फील येतो. व्हायब्रॅटो (सुराची थरथर) सुरुवातीपासून नाही लावायचा, ती थरथर देणाऱ्या एलएफओला डिले द्यायचा, म्हणजे लांब सुरावरच येतो आणि छोटे सूर साधे जातात.

अटॅकने, म्हणजे सूर पूर्ण उघडायला लागणाऱ्या वेळाने, मात्र घोळ घातला. मऊ पाहिजे म्हणून अटॅक ६० मिलीसेकंद केला, आवाज मऊ झाला पण लीड सतत मागे पडतोय असं वाटायला लागलं. मला वाटलं माझं वाजवणंच ढिलं आहे, परत वाजवलं, ग्रिडवर (मोजून आखलेल्या मात्रांवर) चिकटवलं, तरी तेच. नोट ग्रिडवरच होत्या, पण सूर हळूहळू उघडतो त्यामुळे कानाला तो सुरू झाला असं उशिरा वाटतं. रीपरमध्ये ट्रॅकला प्लेबॅक ऑफसेट देता येतो, तिथे लीड ३० मिलीसेकंद पुढे ओढला आणि बसला जागेवर. मऊ अटॅकच्या पॅडलाही हेच करा, तिथे तर अजून जास्त लागतं.

८ जून

कॉर्ड, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे सूर. मूळात ई आणि ए मायनर हेच आलटून पालटून, मध्ये डी मायनर आणि सी. मला वाटलं निवांत करायचं तर कॉर्डमध्ये सातवा, नववा सूर घालून सगळं सेव्हन नाईन करून टाकू. ई च्या जागी ई मायनर सेव्हन, ए मायनर नाईन, चौथ्या बारला एफ मेजर सेव्हन, मग डी मायनर नाईन, सी मेजर सेव्हन. दुसऱ्या भागात चालीतला जी शार्प ई मायनरला आडवा जात होता, म्हणून तोही साधा जी करून टाकला. झालं एकदम गुळगुळीत. कॅफेत लावतात तसं.

सी मेजर सेव्हन एका जागी घासतोय. चालीत सी असतो आणि कॉर्डमध्ये त्याच्या खाली बी, दोघांची कुरकुर. कॉर्डमधला बी काढून ए आणि डी घातले म्हणजे सी सिक्स नाईन झाला, कुरकुर गेली. अशी जागा आली की चालीचा सूर बदलू नका, कॉर्डमधला काढा.

१० जून

लाईट गेली. सकाळपासून दीड तासाचं काम, पॅडचं व्हॉईसिंग (कॉर्डमधल्या सुरांची मांडणी) बदललेलं, सगळं गेलं. रीपरच्या प्रेफरन्समध्ये प्रोजेक्टखाली ऑटोसेव्हचा ऑप्शन आहे, वेळ घातलेली वेगळी फाईल सेव्ह होते, दर ५ मिनिटांनी ठेवला आता. ज्यांच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही त्यांनी पहिल्या दिवशीच करा.

१४ जून

आत्या आलीये दोन दिवस. ती भजनी मंडळात पेटी वाजवते, ठाण्याला. तिला टेट्रिस वगैरे काही माहीत नाही, म्हणून मुद्दाम आधी गेमचं मूळ ऐकवलं आणि मग माझं. मूळ ऐकताना तिने दोन मिनिटांत सेंटर टेबलवर बोटं चालवून स्वर काढले, प रे ग म ग रे सा, ग कोमल. पुढे ध कोमल. दुसऱ्या भागात खाली शुद्ध नी (माझा जी शार्प) लागला तशी म्हणाली, अरे हे तर कीरवाणी रागाच्या वळणाचं आहे की. उतरताना एकदा कोमल नी येतो तेवढं सोडलं तर.

मग माझं ऐकलं. पहिला प्रश्न, "मागे भजी तळतायत का?" ती विनाइलची करकर. दुसरा प्रश्न जास्त लागला: "शुद्ध निषाद कुठे गेला रे? तो काढलास म्हणून सगळं आसावरीकडे गेलंय. चाल तीच आहे पण ती ओढ नाही."

ओढ नाही म्हणजे काय ते मी तिला विचारलं तर तिने तोंडाने म्हणून दाखवलं, ग सा, मग खालचा नी शुद्ध, आणि तिथेच थांबली. पुढचा सा म्हटलाच नाही. मला इतकं अस्वस्थ झालं की मीच म्हटला. हसायला लागली.

तर करकर काढली आणि जी शार्प परत आणला. पण मी गुळगुळीत केलेल्या कॉर्ड त्याच्याबरोबर चालत नाहीत, म्हणजे परत सगळं उघडा.

१५ जून

आजचा दिवस कारणी लागला.

पहिल्या भागात चालीत जी शार्प नाहीच, तो फक्त कॉर्डमधून येतो. म्हणून पहिल्या बारला ई सेव्हन सस फोर ठेवला, त्यात जी शार्प नाही, तरंगतं राहतं. तिसऱ्या बारला तोच ई सेव्हन पूर्ण, जी शार्पसकट. म्हणजे दोन्ही वेळा ई च आहे पण दुसऱ्यांदा ओढतो. चौथ्या बारला मूळात ए मायनर येऊन मिटतं, तिथे एफ मेजर सेव्हन तसाच ठेवला. चालीत ए आहे तो एफ मध्ये छान बसतो आणि वाक्य मिटत नाही, पुढे जातं.

आणि दुसरा भाग. ई सी, डी बी, सी ए, जी शार्प बी. खाली ए मायनर, मग ई सेव्हन पण बेसला जी शार्प, मग एफ मेजर सेव्हन, मग ई सेव्हन. बेस आपोआप ए, जी शार्प, एफ, ई असा पायऱ्या उतरत गेला. हे शोधून नाही काढलं, जी शार्प परत आणायच्या नादात हाताला लागलं. हे चार बार मी लूपवर लावून चहा प्यायलो आणि डोक्यात आलं की हाच भाग मुळात निवांत आहे, सगळे सूर दोन मात्रांचे, मध्ये श्वास घ्यायला जागा, आणि मी गेले दोन आठवडे पळणाऱ्या पहिल्या भागाला धरून बसवायचा प्रयत्न करतोय.

रचना उलटी केली. सुरुवात दुसऱ्या भागाने, फक्त पॅडवर. मग त्यावर लीड. सगळ्यांना माहीत असलेली ओळ थेट १७ व्या बारला. तोवर ऐकणाऱ्याला माहीत नसतं हे टेट्रिस आहे.

टेम्पोही ७५ वरून ७६ केला, फारसं कारण नाही, ७५ ला दुसऱ्या भागात पॅड ओढल्यासारखा वाटत होता.

१८ जून

रिव्हर्ब. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या जी शार्पनंतर लगेच ए मायनर येतो, आणि तिथे दरवेळी काहीतरी बेसूर वाजतंय. नोट तपासल्या, बरोबर. पॅड म्यूट केला, तरी आहे. लीड म्यूट केला, गेलं. मग ट्यूब पेटली: रिव्हर्ब ८ सेकंदांचा आहे आणि ७६ ला एक बार ३.१६ सेकंदांचा होतो. म्हणजे जी शार्प पुढचे अडीच बार हवेत लोंबकळतोय आणि त्याच्या खाली ए वाजतोय, दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर. मोठा रिव्हर्ब एकाच कॉर्डवर बसलेल्या संगीताला चालतो, इथे कॉर्ड दर बारला बदलते.

आता अडीच सेकंद, रिव्हर्बच्या आत २५० हर्ट्झच्या खालचं आणि ४००० च्या वरचं कापलेलं. त्या एका जी शार्पवर रिव्हर्बचा सेंड (रिव्हर्बकडे जाणारा आवाज) ऑटोमेशनने निम्म्यावर. आवाज छोटा झाला असं पहिल्यांदा वाटतं, दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

२१ जून

ठेका. माझा मित्र बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, मिरवणुकांचा माणूस, निवांत वगैरे त्याचा प्रांत नाही, तरी त्याला बोलावलं कारण माझे ड्रम मेलेले होते. किक (खालचा जड ठोका), तिसऱ्या मात्रेवर रिम (ड्रमच्या कडेचा ठोका), आणि गेमबॉयच्या नॉईज चॅनलची आठवण म्हणून फिल्टर केलेला नॉईज हायहॅटच्या जागी. सगळं बरोबर जागेवर.

त्याने एकदाच ऐकलं. म्हणाला, जागेवर आहे तोच प्रॉब्लेम आहे. रिम थोडी मागे घे, तू मिलिटरीत नाहीयेस. मग टेबलवर बोटांनी वाजवून दाखवलं, मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि रीपरमध्ये टाकून ग्रिडशी ताडून पाहिलं. त्याचा तिसऱ्या मात्रेचा ठोका जवळपास दरवेळी १५ ते २० मिलीसेकंद उशिरा, आणि किक मात्र बरोब्बर जागेवर. नुसतं रँडम हलवलं तर घसरल्यासारखं होतं, मी करून पाहिलं होतं. एकच वाद्य मागे, तेही नेहमी तेवढंच, म्हणून ते आरामात वाटतं. १८ मिलीसेकंद ठेवले.

नॉईजवाल्या हायहॅटबद्दल त्याचं मत, "पाऊस पाडलायस का मागे?" मी म्हटलं नाही रे, हायहॅट आहे. "मग हायहॅटसारखा वाजव की." डिके (आवाज विरायचा वेळ) २०० वरून ७० मिलीसेकंद केला, आणि दोन जोराचे ठोके सोडून बाकीचे अगदी हळू. पावसाचा खराखुरा आवाज टाकायचा मोह मला झालाच होता, जूनमध्ये खिडकीतून फुकट मिळतोय, पण प्रत्येक निवांत ट्रॅकमागे पाऊस असतो आणि मला त्याचा कंटाळा आलाय.

अजून एक त्याने सांगितलं ते लगेच पटलं नाही: दुसऱ्या भागातून किक पूर्ण काढ. काढली. पटलं.

२४ जून

लोकलमध्ये ऐकून पाहिलं, डोंबिवली ते दादर, साध्या वायरवाल्या इअरफोनवर. बेस गायब. घरी मोबाईलच्या स्पीकरवर लावलं तर तिथे मुळीच नाही. बघायला गेलं तर माझा बेस ए, जी शार्प, एफ, ई म्हणजे ५५, ५२, ४४, ४१ हर्ट्झ, माझ्या हेडफोनवर सुंदर, बाकी जगात कुठेच नाही. इतकी मेहनत करून सापडलेल्या त्या पायऱ्या कोणाला ऐकूच येणार नव्हत्या.

सगळा बेस एक सप्तक वर नेला, ११० पासून ८२. शिवाय थोडं सॅच्युरेशन, म्हणजे वरचे हार्मोनिक तयार होतात आणि छोट्या स्पीकरवर कान उरलेलं स्वतः भरून घेतो. पॅडचा डावा हात मग बेसवर आदळायला लागला, तो पॅडमधून कापला. एक दुरुस्त केलं की दुसरं निघतंच.

२९ जून

मोनो, म्हणजे डावी उजवी बाजू एकत्र. भावाच्या ब्लूटूथ स्पीकरवर पॅड एकदम पोकळ, नळीतून आल्यासारखा. कारण मी पॅड रुंद करायला एक बाजू १५ मिलीसेकंद मागे टाकली होती. स्टिरिओत मस्त, दोन्ही बाजू एकत्र केल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. ती ट्रिक काढली, त्याऐवजी टॅल कंपनीचा फुकट कोरस (आवाज जाड आणि रुंद करणारा इफेक्ट) लावला, तोच जो १९८२ च्या रोलंड ज्युनो ६० वरून केलेला आहे. दोनच बटणं आहेत, एक आणि दोन. एक लावा. मोनोमध्ये रुंदी जाते पण आवाज पोकळ होत नाही. बेसवर अजिबात कोरस नाही.

रीपरच्या मास्टरवर मोनोचं बटण आहे, पहिल्या आठवड्यातच दाबून बघायचं होतं ते. आता रोज दाबतो.

६ जुलै

एकादशी. आत्याचं मंडळ सकाळपासून भजनात असणार म्हणून तिला नवीन व्हर्जन पाठवलं नाही. भावाला पाठवलं. रिप्लाय: "हे काय आहे?" मग एक मिनिटाने, "अरे टेट्रिस!!" बार १७ ला. हेच पाहिजे होतं. मग लगेच पुढे, "पण लीड का घसरतोय एवढा."

ते पोर्टामेंटो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपली मींड. आत्याने मींडेबद्दल काहीतरी सांगितलं होतं, पेटीवर मींड येत नाही ही तिची जुनी खंत, सिंथवर येते म्हटल्यावर मी सगळीकडे लावून टाकली, ९० मिलीसेकंद, मोनो लेगाटोमध्ये (एका वेळी एकच सूर, जोडून). पहिल्या ओळीत ई वरून थेट खाली बी वर जी उडी आहे ना, तीच चालीची ओळख आहे, आणि ती उडी मींडेने पुसली जात होती. पहिल्या भागातून पूर्ण काढली. दुसऱ्या भागात फक्त दोन ठिकाणी ठेवली, सी वरून ए ला जाताना, आणि अगदी शेवटी वरच्या ए वरून जी शार्पवर उतरताना. तिथे सूर लांब आहे, सावकाश घसरायला वेळ मिळतो.

१३ जुलै

मास्टर. लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं टूल) दाबून आवाज मोठा केला होता, युलीनच्या फुकट मीटरवर उणे ९ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप). ऑक्टोपॅडवाल्याला आवडलं, साहजिक आहे. पण पॅड आणि लीड दोन्ही एकाच भिंतीला चिकटल्यासारखे, आणि बार १७ ला ओळखीची ओळ येते ती आल्यासारखी वाटतच नाही, कारण आधीचा भागही तेवढाच मोठा आहे. स्ट्रीमिंगवाले उणे १४ च्या आसपास खाली ओढतातच, मग एवढं दाबून फायदा काय. उणे १६ ला आणलं, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डीबी. लिमिटर जवळपास काही करत नाही आता. सुरुवातीचे आठ बार पॅड एकटाच ३ डीबी खाली, ऑटोमेशनने.

आत्याचा फोन आला. निषाद मिळाला म्हणाली. पण शेवट आवडला नाही, मी शेवटी ए मायनर नाईनवर फेड आउट केलंय, तिच्या मते फेड आउट म्हणजे वाजवणाऱ्याने उठून जाणं, सा वर येऊन थांब. मी दोन्ही करून पाहिलं. सा वर थांबलं तर टेट्रिसमध्ये लेव्हल संपल्यासारखं होतं, फेड केलं तर तिचा मुद्दा बरोबर वाटतो. सध्या शेवटच्या चार बारमध्ये एक एक ट्रॅक बंद होतो, आधी ठेका, मग बेस, मग लीड, आणि पॅड ए वर स्वतःच विरतो. तिला अजून ऐकवलं नाही.

२० जुलै

एक्स्पोर्ट केलं. ४४ बार, २ मिनिटं १९ सेकंद आणि वर पॅडची शेपटी. रचना: ८ बार दुसरा भाग पॅडवर, ८ बार तोच लीडसकट, मग पहिला भाग दोनदा, मग दुसरा भाग, मग ४ बार बंद होत जाणं. ट्रॅक सात उरले, एका टप्प्याला वीसच्या वर होते.

हिशोब: कीबोर्ड २८००, यूएसबी केबल १८० (कीबोर्डबरोबर आलेली दोन दिवसांत गेली), मित्राला मिसळ आणि दोन चहा २१०. रीपरची ट्रायल संपत आलीये, लायसन घेणार आहे, ते यात धरलेलं नाही. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कॉर्ड दोनदा बसवण्याने आणि त्या रिव्हर्बमधल्या जी शार्पने.

प्रोजेक्ट फाईल कोणाला पाहिजे असेल तर देतो, फक्त सर्ज, वल्हाला आणि टॅलचा कोरस आधी टाकून घ्या, सर्ज नसेल तर उघडल्यावर लीड आणि पॅड दोन्ही गप्प राहतील. भाऊ म्हणतोय पहिल्या भागाच्या दुसऱ्या फेरीत लीड एक सप्तक खाली टाक, ऐकून बघायचंय, पण तिथे पॅड मध्ये येईल असं वाटतंय. आणि कीबोर्डची तिसरी पट्टीही आता जोरात दाबावी लागतेय.